अडीचशे ग्रॅमला चौदा कमी

एक बर्गर खाऊन काटेसाहेबांचा फायदा किती, तर पंधरा मिनिटं. हा आकडा त्यांनी स्वतःच काढला होता, आणि आकडे काढण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या खात्यात कोणी नव्हता.

परदेशात राहणाऱ्या त्यांच्या लेकीचा फोन दर रविवारी संध्याकाळी यायचा. तिच्याकडे तेव्हा सकाळ असायची. फोन अकरा मिनिटं चालायचा. त्यातली चार जेवणखाण आणि गोळ्या-औषधांत जायची, दोन तिच्याकडच्या थंडीत, एक वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळात, आणि उरलेली चार 'बाकी काय', 'बाकी काही नाही, तुझं?', 'माझंही काही नाही' यात. बायको होती तेव्हा हाच फोन तासभर चालायचा आणि काटेसाहेब शेजारी बसून 'पुरे आता, कान भाजेल' असं म्हणत असायचे. तिला जाऊन चार वर्षं झाली. आता कान भाजण्याची सोय राहिली नव्हती.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापं खात्यात ते तेहेतीस वर्षं निरीक्षक होते. बाजारात शिरले की दुकानादुकानांतून 'काटा आला, काटा आला' अशी कुजबुज व्हायची. त्याचंच पुढे काटेसाहेब झालं. खरं आडनाव तेवढं लाइटबिलावर उरलं होतं.

लेकीचंही तसंच. ती वेळेआधी जन्मली आणि दोन किलोसुद्धा भरली नाही. दवाखान्यातल्या काट्यावर खात्याचा शिक्का आहे की नाही हे यांनी आधी पाहिलं आणि मग लेकीकडे पाहिलं, असं बायको आल्यागेल्याला सांगायची. तेव्हापासून तिचं नाव पावशेर. ती आता अडतीस वर्षांची होती, तिकडच्या एका बर्गरच्या कंपनीत दर्जा तपासणारी अधिकारी होती. म्हणजे काम बापाचंच, फक्त हातात मोजे घालून.

त्या कंपनीच्या दुकानांपुढे तिच्या देशात म्हणे लोक पावसात रांगा लावतात. कंपनीने आपल्या देशाबाहेर पहिली शाखा उघडायची ठरवली, आणि जगाच्या पाठीवर इतकी शहरं असताना ती नेमकी काटेसाहेबांच्या शहरात उघडली. उद्घाटनाला मोठी माणसं विमानाने आली. पावशेर आली नाही. फीत कापायला तपासनीस कशाला नेतील, असं ती म्हणाली, आणि ते काटेसाहेबांना पटलं, कारण त्यांनाही कोणत्याच दुकानाच्या उद्घाटनाचं बोलावणं कधी आलं नव्हतं.

"जाऊन खाऊन तर या, बाबा," ती म्हणाली. "मी दर शुक्रवारी तोच खाते. कसा वाटला ते मला सांगा."

इथेच त्या पंधरा मिनिटांचा हिशेब झाला. पाव कसा, आतलं सारण कसं, सॉस कोणता, गर्दी किती, नोकर कसे. मग तिचं 'आमच्याकडे असं असतं' आणि यांचं 'इथे तसं होतं'. नीट पुरवून वापरलं तर दोन रविवार निघाले असते.

त्याच फोनवर ती गमतीने आणखी एक सांगून गेली. नव्या शाखेतून पहिल्या सहा महिन्यांत कमी वजनाची तक्रार आली, तर मुख्य कचेरीतून माणूस जातो आणि आठ दिवस राहून सगळं तपासतो. काटेसाहेबांचं शहर तिच्याच तपासणीच्या यादीत होतं. तेव्हा तक्रार येऊ नये अशी प्रार्थना करा, नाहीतर मलाच बॅग भरून यावं लागेल, असं म्हणून ती हसली. काटेसाहेबही हसले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला एक गुणाकार केला. आठ दिवस म्हणजे अकरा हजार पाचशे वीस मिनिटं.

बुधवारी दुपारी ते दुकानात गेले. रांगेत त्यांच्या पुढेमागे सगळी विशीतली मंडळी होती. कोणी फोटो काढत होतं, कोणी फोटो काढणाऱ्यांचे फोटो काढत होतं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, किती जण आहात. काटेसाहेबांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, एक. तिने त्यांना आकडा लिहिलेली प्लास्टिकची पाटी दिली, आणि ते खिडकीजवळच्या दोघांच्या टेबलावर बसले. समोरच्या खुर्चीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली. जागा अडवायला नव्हे. रिकामी खुर्ची समोर असली की घास उतरत नाही असं त्यांच्या अलीकडे लक्षात आलं होतं.

स्वयंपाकघर काचेपलीकडे होतं. तव्यापाशी चाळिशी ओलांडलेली एक बाई उभी होती. टोपी जरा मोठी झाल्यामुळे ती दर दोन मिनिटांनी मनगटाने मागे सारत होती. टिक्की उलटायची, पाव शेकायचा, पान ठेवायचं, काट्यावर टाकायचं, आकडा पाहायचा आणि डब्यात. तिचा हात बसलेला होता. काटेसाहेबांना बसलेला हात लांबून ओळखता यायचा, चोरटाही आणि सरळही. हा सरळ होता.

बर्गर आला. डब्यावर छापलं होतं: तयार बर्गर, २५० ग्रॅम. एकही कमी नाही.

आता कोणत्याही माणसाने डबा उघडून खाल्लं असतं. काटेसाहेबांनी पिशवीत हात घातला. निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना खिशात मावेल असा बॅटरीचा छोटा काटा भेट दिला होता, आणि इतर लोक चष्मा बाळगतात तसा ते तो बाळगायचे. त्यांनी कागदी रुमाल ठेवून काटा शून्यावर आणला आणि बर्गर वर ठेवला. शेजारच्या टेबलावरची मुलं खाणं थांबवून बघत राहिली.

दोनशे छत्तीस.

पुन्हा ठेवला. पुन्हा दोनशे छत्तीस. अडीचशेला चौदा कमी.

खात्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येक निरीक्षकाला काटेसाहेब पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचे: मालाआधी काट्यावर खरं वजन ठेवा. आपला काटा खरं बोलतोय हे कळल्याशिवाय दुकानदाराला खोटं म्हणू नका. त्यासाठी लागणारं दोनशे ग्रॅमचं पितळी वजन त्यांच्या कपाटात होतं, आणि घर चालत पंधरा मिनिटांवर होतं. खिशातल्या काट्याच्या पोटावर खात्याचा शिक्का होता, तो सात वर्षांपूर्वीचा. शिक्का दरवर्षी नवा लागतो. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. आपल्याला हे ठाऊक आहे, हेही ठाऊक होतं. ते घरी गेले नाहीत. त्यांनी काटा पिशवीत टाकला आणि बर्गर खाल्ला. तोवर तो गार झाला होता, आणि डोक्यात अकरा हजार पाचशे वीस घोळत असल्याने चवीकडे लक्षही नव्हतं.

निघताना तव्यावरची बाई हात पुसत काचेच्या दारात आली. कसा झाला होता, काका, असं तिने विचारलं. नंतर आपणहून सांगितलं, की तीन महिने शिकवलं तेव्हा कुठे तव्यापाशी उभं केलं, आधी सोळा वर्षं ती लोकांच्या घरची भांडी घासायची. काटेसाहेब चांगला झालाय म्हणाले आणि जिना उतरले.

तक्रार कंपनीच्या संकेतस्थळावर करायची होती. ती करायला ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवालीकडे गेले. ती बाई टाइप करता करता बोलायची आणि बोलता बोलता गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायची. चौदा ग्रॅमसाठी तक्रार? काका, तुम्ही घरी चहा मोजून पिता का? काटेसाहेब म्हणाले, हो. नाव नाही दिलं तरी चालतंय, असंही तिने सुचवलं. त्यावर त्यांनी ताठ होऊन सांगितलं, की निनावी तक्रारी आपण तेहेतीस वर्षं कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. पूर्ण नाव लिहा, आडनावासकट. पत्ताही.

शेवटी एक रकाना होता. वजन ज्या काट्यावर केलं तो प्रमाणित आहे का? हो, नाही.

झेरॉक्सवालीचं बोट थांबलं. काटेसाहेब छताच्या पंख्याकडे बघत होते.

"हो टाका," ते म्हणाले.

पुढचे चार दिवस त्यांच्या घरात जी धावपळ झाली, तशी बायको गेल्यापासून झाली नव्हती. पावशेरच्या खोलीतली गादी त्यांनी रखवालदाराला वर बोलावून गच्चीत नेली, दोन दिवस ऊन दाखवलं आणि खाटेवर घातली. पाहुणे येणार वाटतं, असं रखवालदाराने विचारलं तेव्हा ते 'बघू' म्हणाले, पण अशा सुरात, की त्याने खाली जाऊन तिघांना सांगितलं. नवा टॉवेल आणला. पंख्याची खडखड दुरुस्त करून घेतली. कंपनीकडून पत्र आलं, की आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेतली आहे आणि मुख्य कार्यालयातून अधिकारी पाठवत आहोत. ते पत्र त्यांनी झेरॉक्सवालीकडून छापून आणलं आणि चार वेळा वाचलं. अधिकाऱ्याचं नाव त्यात नव्हतं. काटेसाहेबांना ते ठाऊक असल्यामुळे त्यांनी ते शोधलंही नाही.

रविवारी फोन आला नाही. प्रवासाच्या गडबडीत असेल, असं त्यांनी ठरवलं. सोमवारी आला. या वेळी चेहरा दिसणारा फोन होता. पावशेर कचेरीत बसली होती, मागे काचेची भिंत होती. तिने जेवणखाण विचारलं नाही.

"तुमचा काटा कुठे आहे, बाबा?"

त्यांनी पिशवीतून काढून दाखवला.

"उलटा करा. शिक्का दाखवा."

त्यांनी काटा उलटा करून धरला. शिक्क्यावरचं वर्ष पुसट झालं होतं, पण वर्षं वाचायला तिला तिच्या बापानेच शिकवलं होतं. तिने ते समोरच्या कागदावर लिहून घेतलं.

"प्रमाणित आहे, असं झेरॉक्सवालीने टाकलं की तुम्ही?"

"मी सांगितलं."

"तो रकाना फॉर्मात मी घातलाय. आमच्याकडे कोणाला सुचला नव्हता. माझे वडील हे आधी विचारायचे, असं मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं."

काटेसाहेब खुर्चीत जरा मागे सरले, आणि त्यामुळे त्यांच्या मागची उघडी खोली फोनमध्ये आली. खाटेवरची गादी, वर ताणून घातलेली निळी चादर, उशाशी घडी केलेला टॉवेल. पावशेरने ते सगळं एकेक करून पाहिलं, माल तपासताना पाहतात तसं.

"ती गादी कोणासाठी घातलीय?"

"ऊन दाखवत होतो," काटेसाहेब म्हणाले.

मग तिने जे सांगितलं ते कचेरीच्या आवाजात सांगितलं, कारण घरचा आवाज लावला असता तर तिला ते पूर्ण करता आलं नसतं. तक्रारदाराचं आडनाव आणि अधिकाऱ्याचं आडनाव एकच निघालं, वरिष्ठांनी तिला विचारलं, तिने माझे वडील असं सांगितलं. नात्यातल्या माणसाची तक्रार नात्यातल्या माणसाने तपासायची नाही, हा कंपनीचा नियम. तिच्या जागी तिचा एक सहकारी निघाला होता. आणि ही एकच शाखा नव्हे. पुढच्या दोन वर्षांत तुमच्याकडे आणखी तीन उघडायच्या आहेत, त्यांची देखरेख माझ्याकडे येणार होती, वर्षातून दोन खेपा. आता ती यादीच त्याच्याकडे गेली.

हे आधी का नाही सांगितलंस, असं काटेसाहेबांनी विचारलं.

"कागदावर सही झाली नव्हती. शिक्का बसेपर्यंत तोंडातून आकडा काढायचा नाही, असं कोण म्हणायचं?"

काटेसाहेबांच्या मेहुण्याचं धान्याचं दुकान होतं. एकदा त्याच्यावर मापात मारल्याची तक्रार आली. तेव्हा काटेसाहेबांनी ते प्रकरण स्वतःहून दुसऱ्या निरीक्षकाकडे दिलं, मेहुण्याला दंड झाला, आणि बायको सात महिने माहेरी जाऊ शकली नाही. त्यावेळी पावशेर दहा वर्षांची होती. ती गोष्ट आत्ता दोघांनाही आठवली आणि दोघांपैकी कोणीही काढली नाही.

"तव्यावर एक बाई होती," काटेसाहेब म्हणाले.

"तक्रार आली त्याच दिवशी तिला तव्यावरून काढलंय. तपासणी होईपर्यंत फरशी पुसते." एवढं बोलून तिने मागे कोणी नाही ना ते पाहिलं. "बाबा, मला नुसतं 'ये' म्हणायचं होतंत."

"तू आली असतीस?"

पावशेर खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, "माहीत नाही."

फोन बंद झाल्यावर त्यांनी कपाटातलं पितळी वजन काढलं. जे आधी करायचं ते सगळ्यात शेवटी केलं. दोनशे ग्रॅम काट्यावर ठेवले, काटा म्हणाला एकशे एकोणनव्वद. या हिशेबाने त्यांनी खाल्लेला बर्गर अडीचशेचा बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी काटा आणि वजन रुमालात बांधून ते दुकानात गेले. रांग तशीच होती. तव्यापाशी आज एक तरुण गडी होता आणि त्याचे पाव करपत होते. बाई काउंटरच्या कडेला फडकं पिळत होती. टोपी नव्हती, त्यामुळे ती आधी त्यांना ओळखूच आली नाही. परदेशातून आलेला अधिकारी आत कागद पसरून बसला होता. पावशेरच्या वयाचाच, सभ्य, त्याच्या खांद्यावर अजून प्रवासाचा शीण होता. पावशेर बसली असती ती खुर्ची हीच, असं काटेसाहेबांच्या मनात आलं. त्यांनी टेबलावर काटा मांडला, त्यावर पितळी वजन ठेवलं, आणि शाखेच्या व्यवस्थापकासमोर, अधिकाऱ्यासमोर आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या बाईसमोर सांगितलं, की काटा खोटा होता आणि खोटा असेल हे मला माहीत होतं. ते कंपनीच्या कागदावर लिहून दिलं. सही केली. तेहेतीस वर्षांत त्यांनी अशा सह्या दुसऱ्यांकडून घेतल्या होत्या. दुसऱ्यांचे हात सही करताना का रेंगाळतात, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

अधिकाऱ्याने कागद फाइलला लावला. तुमच्या मुलीने तुमच्याबद्दल बरंच सांगितलंय, असं तो दुभाष्याकरवी म्हणाला. काय सांगितलंय ते काटेसाहेबांनी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर बाईने त्यांना गाठलं. शिव्या देईल म्हणून ते थांबले, खरं तर शिव्यांसाठीच थांबले. तिने फडकं बादलीत टाकलं.

"काका, तुम्ही त्या दिवशी चांगला झालाय म्हणालात. खरंच झाला होता का?"

काटेसाहेबांना वजन आठवत होतं, चव आठवत नव्हती.

"मला कळलं नाही," ते म्हणाले.

"मग बसा," ती म्हणाली, आणि व्यवस्थापकाकडे न बघता टोपी घेऊन तव्याकडे गेली.

ते रांगेत उभे राहिले, पैसे भरले आणि त्याच खिडकीशी बसले. या वेळी पिशवी समोरच्या खुर्चीवर ठेवली नाही. बर्गर गरम होता. बाहेरून पाव जरासा कुरकुरीत, आत मऊ. टिक्कीला मिऱ्याची झणझण होती ती घास गिळल्यावर कळायची. तळाशी कसलंसं आंबटगोड होतं, त्याला त्यांच्याकडे शब्द नव्हता. दर शुक्रवारी ती हे खाते. तिथेही दोघांचं टेबल असेल. समोरच्या खुर्चीवर ती काय ठेवते, असं त्यांना विचारावंसं वाटलं.

रविवारी फोन आला. पावशेर थकलेली होती, रागावलेली नव्हती, आणि यांना त्यातलं रागावणं चाललं असतं. त्यांनी तिला चव सांगितली. मिऱ्याचं सांगितलं, आंबटगोडाचं सांगितलं. ते आंबटगोड म्हणजे भाजलेला कांदा असतो, असं ती म्हणाली. खुर्चीचं मात्र त्यांनी विचारलं नाही. मग थंडी झाली, गळका नळ झाला. बाकी काय. बाकी काही नाही.

चौदा मिनिटं झाली. अंदाज पंधरा मिनिटं वाढण्याचा होता, वाढली तीन.

गादी अजून त्या खोलीत खाटेवर आहे. ती गुंडाळून माळ्यावर टाकायची तर रखवालदाराला वर बोलवावं लागेल, आणि तो विचारेल, पाहुणे आले नाहीत का म्हणून.

तर या तीन मिनिटांचं बिल कोणी भरलं ते बघायचं. तव्यावरच्या बाईने आठ दिवस फरशी पुसून भरलं. कापलेला पगार तिला परत मिळाला, तव्याच्या कामात बसलेला हात मात्र परत बसवावा लागला. पावशेरने दोन वर्षांतल्या चार खेपा भरल्या, आणि त्या तिला हव्या होत्या की नव्हत्या, हे आता तिलाही कधी कळायचं नाही. काटेसाहेबांनी दोन बर्गरचे पैसे भरले. त्यांच्या नावावर पावत्या निघतात त्या एवढ्याच.